दोघांचा होकार, मगच नांगर

हा फोटोतला लाल बोया बघा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी वाटेची खूण, ३६ नंबरचा. व्हर्जिनियातलं नॉरफोक बंदर, मागे नेव्हीची राखाडी जहाजं, आणि इथून मैल मोजायला सुरुवात होते. मैल शून्य. इथून मायामीपर्यंत नद्या, खाड्या आणि कालवे एकमेकांना जोडून केलेला सुमारे १,०९० मैलांचा आतला जलमार्ग आहे, बोटवाले त्याला आयसीडब्ल्यू (इंट्राकोस्टल वॉटरवे) म्हणतात. मायामीच्या पुढे गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह ओलांडला की बहामाज. थंडीची चाहूल लागली की दरवर्षी कितीतरी बोटी या वाटेने दक्षिणेला निघतात आणि त्यातल्या बऱ्याच बोटींवर दोनच माणसं असतात, नवरा-बायको. आमच्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवर पण आम्ही दोघंच.

निघायच्या आधी आम्ही एक नियम केला होता. दोघांनी हो म्हटल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. एकाने नको म्हटलं की विषय संपला, कारणसुद्धा विचारायचं नाही.

बाहेरून, मोकळ्या समुद्रातून का नाही गेलात असं सगळे विचारतात. खाली दक्षिणेला केप हॅटरस नावाचं भूशिर आहे. तिथे गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी उत्तरेकडून येणाऱ्या गार पाण्याला भिडतं, वाळूचे दांडे समुद्रात लांबवर गेलेत, आणि इतकी जहाजं तिथे बुडालीत की त्या भागाला अटलांटिकचं कब्रस्तान म्हणतात. त्यात चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे लवकर निघावं तर वादळ आणि उशिरा निघावं तर थंडी. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी निघालो, आतून.

हे पाणी दिसतंय ना, कोऱ्या चहाच्या रंगाचं? हा डिस्मल स्वॉम्प कालवा, २२ मैल लांब. झाडांच्या सालीतला आणि कुजलेल्या पानांमधला टॅनिन उतरून पाणी असं होतं, बोटीच्या पांढऱ्या नाकावर पण तपकिरी डाग पडतो आणि इथले लोक त्याला बोटीची मिशी म्हणतात. कालव्यात पाणी सहा फूट, आमचं कील, म्हणजे बोटीच्या तळाचा पाण्यात उतरलेला भाग, पाच फूट, म्हणजे खाली फूटभर पाणी ठेवून दिवसभर जायचं आणि मधेच बुडालेला ओंडका धप्पकन लागला की दोघांनी एकमेकांकडे बघायचं. पण मला इथलं वेगळंच सांगायचंय. हा कालवा १७९३ ला खणायला घेतला आणि १८०५ ला सुरू झाला, हातांनी खणलेला, आणि खणणारे हात बहुतेक गुलामांचे होते, मालकांनी भाड्याने दिलेले. आणि याच दलदलीत आत खोलवर पळून आलेले गुलाम वस्ती करून राहायचे. सायप्रसच्या झाडांमधून जाताना आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे अल्बेमार्ल साउंड ही खाडी, उथळ आणि रुंद, जरा वारा वाढला की आखूड उभ्या लाटा. तिथे दोन दिवस थांबलो. नॉर्थ कॅरोलिना गेलं, साउथ कॅरोलिनातली वॅकामॉ नदी गेली, चार्ल्स्टन गेलं.

आणि मग जॉर्जिया. नकाशात बघितलं तर किनारा लहानसा, पण वाट इतकी नागमोडी की दिवसभर जाऊनही कालचा पाण्याचा टॉवर मागे दिसतच राहतो. भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट. आम्ही एका वळणावर चुकलो, बोया बघितला होता पण गाळ सरकला होता, आणि ओहोटी लागलेली असतानाच कील चिखलात बसलं. इंजिन लावून बघितलं, शीड लावून बोट कलवून बघितली, नाही निघाली. पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं, बोट हळूहळू आडवी व्हायला लागली, आतली भांडी एका बाजूला घरंगळली, आणि सगळीकडे हिरव्या गवताखालून चिखल वर आला. तो वास! माझं आजोळ मालवणचं, खाडीला ओहोटी लागली की हाच वास घरात यायचा. मामा म्हणायचा, पाणी गेलं तसंच परत येतं, आपण ओढाताण करायची नाही. सहा तास आम्ही तिरक्या डेकवर पाय टेकवून बसलो, बगळे बघत. रात्री पाणी आलं आणि बोट आपोआप उभी राहिली.

फ्लोरिडा पटकन सांगते, कारण बराचसा वेळ पूल उघडायची वाट बघण्यात जातो. सेंट ऑगस्टीन मात्र चुकवू नका, १५६५ सालचं गाव, युनायटेड स्टेट्सच्या मुख्य भूमीवरचं, युरोपियनांनी वसवलेलं आणि आजवर सलग नांदतं असलेलं सगळ्यात जुनं शहर.

मायामीच्या खाली की बिस्केनला एक छोटीशी आडोशाची जागा आहे, नाव काय तर नो नेम हार्बर. बहामाजमधलं बिमिनी इथून ४५ सागरी मैलांवर आणि मधे गल्फ स्ट्रीम, उत्तरेकडे वाहणारा, साधारण अडीच-तीन नॉटच्या, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, अशा वेगाने. वारा उत्तरेकडून आला की तो या प्रवाहाच्या तोंडावर आपटतो आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, म्हणून वाऱ्याच्या अंदाजात उत्तर दिशा दिसली की जायचं नाही. आम्ही तिथे अकरा दिवस होतो. सहाव्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं जाऊया ना, ईशान्येचाच आहे वारा, दुपारपर्यंत फिरेल." मी नको म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही, पण त्या संध्याकाळी तो फार गप्प होता, आणि त्या गप्प बसण्याचं मोल मला आजही आहे.

बाराव्या पहाटे दोन वाजता आग्नेयेकडून मंद वारा, दोघांचा हो. बोटीचं नाक बिमिनीच्या कितीतरी दक्षिणेला ठेवायचं, प्रवाह तुम्हाला उत्तरेला ढकलत नेतो आणि बोट तिरकी तिरकी पुढे जाते. सकाळी पाणी निळं नाही, जांभळं होतं. मग शेकडो मीटर खोली बघता बघता दहा मीटरवर आली आणि तळ दिसायला लागला!

बिमिनीला पिवळा झेंडा, म्हणजे देशात यायची परवानगी अजून मिळायची आहे ही खूण, लावून थांबायचं, कस्टम्सला फक्त कॅप्टनने उतरायचं. कागदावर कॅप्टन मी.

ग्रेट बहामा बँक या उथळ पाण्याच्या पठारावर आम्ही समुद्राच्या मधोमध नांगर टाकला, चारी बाजूंना जमीन नाही आणि खाली चार मीटर पाणी. डोलकाठीवर दिवा लावला आणि झोपलो.

एक्झुमा बेटांमध्ये पाण्याचा रंग वाचत जायचं. ऊन डोक्यावर आणि पाठीमागे असताना मी पुढच्या टोकाला उभी राहते आणि हाताने खुणा करते. गडद निळं म्हणजे खोल, फिकट म्हणजे वाळू, तपकिरी दिसलं की कोरल, वळ. तो सुकाणूवर, माझ्या हाताकडे बघत. इथलं एक्झुमा पार्क १९५८ पासून राखलेलं आहे, आत मासेमारी बंद, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. हा नांगर दिसतोय ना वाळूत रुतलेला, तो मी डेकवरून बघून घेतला, पाण्यात उतरायची गरजच पडली नाही.

आज सकाळी रेडिओवर हवामान ऐकलं, फ्रंट, म्हणजे हवा बिघडवणारा पट्टा, येतोय, पण उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पुढचं बेट पंधरा मैलांवर. मी म्हटलं, "जाऊया का रे?"

त्याने आकाशाकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि म्हणाला, "नको."

मी चहा टाकला.