अंगकाठी आणि चयापचय

श्रोतेहो, नमस्कार.

"मी नुसती हवा खाल्ली तरी अंगाला लागते," असं म्हणणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. आणि "कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही," म्हणणारा एखादा काडीपैलवानही. दोघंही बोल लावतात चयापचयाला. हल्ली त्यात 'बॉडी टाइप'ची भर पडली आहे. जिममध्ये पाऊल टाकलं की शिक्का बसतो: सडपातळ तो एक्टोमॉर्फ, पिळदार तो मेसोमॉर्फ, गोलमटोल तो एंडोमॉर्फ. शिक्क्याबरहुकूम आहाराचा तक्ताही लगेच हातात!

विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात हे तीन प्रकार मांडले. आहाराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. अंगकाठीवरून माणसाचा स्वभाव ओळखायचा, असा त्याचा खटाटोप होता, आणि तो काही टिकला नाही. खेळाडूंच्या बांध्याचं वर्णन करायला ही वर्गवारी सुधारून आजही वापरतात. पण तिच्यावरून ताटात काय वाढायचं ते ठरवणं म्हणजे चपलेचा नंबर बघून चष्मा देणं.

मग चयापचयाचं काय? दिवसभरात आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिचा साठ ते सत्तर टक्के वाटा नुसतं जिवंत राहण्यात जातो. यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडं आपण झोपलो तरी कामावर असतात. दहाएक टक्के अन्न पचवण्यात जातात. उरलेली ऊर्जा हालचालीत. "तिशी उलटली आणि चयापचय मंदावलं" हे आपलं लाडकं कारणही फारसं खरं नाही. २०२१ साली सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांतून दिसलं, की शरीराचं आकारमान जमेस धरलं तर वीस ते साठ या वयात हा खर्च जवळपास स्थिर असतो.

खरी गंमत हालचालीत आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कुणाच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही, तर कुणावर चार किलोंहून जास्त. फरक व्यायामाचा नव्हता. ज्यांना कमी चढली ते नकळत जास्त हलत होते: चुळबुळ, उठबस, ताठ बसणं, उगाच फेऱ्या मारणं. घरात "जरा स्वस्थ बस की!" असं ज्यांना ऐकावं लागतं, तीच ही मंडळी.

दुसरी गोष्ट जरा झोंबणारी. "बाराशे कॅलरींच्या आतच खातो, तरी वजन हलत नाही," म्हणणाऱ्या काही लोकांची १९९२ साली तपासणी झाली. चयापचय ठणठणीत निघालं; पण खाल्लेलं जेमतेम निम्मंच वहीत उतरलं होतं. मुद्दाम खोटं कुणी लिहिलं असं नाही. येताजाता तोंडात टाकलेला घास कुणाच्या लक्षात राहतो?

तेव्हा शिक्का बाजूला ठेवा आणि दोन-तीन आठवडे स्वतःवरच नजर ठेवा. खाल्लेलं तिथल्या तिथे लिहा. वजन सकाळी, उपाशीपोटी घ्या आणि आठवड्याची सरासरी बघा. रोजचा चढउतार बहुतेक पाण्याचा असतो. मग खाण्यात थोडाच बदल करा आणि पुन्हा बघा. मात्र वजनाबरोबर सतत थकवा, थंडी सोसवेनाशी होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा असं काही असेल, तर वही राहू द्या. आधी डॉक्टरांना विचारून थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.