को-ऑपसाठी लेव्हल कुठे थांबवावी? एल्डन रिंगचा हिशेब

नमस्कार. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याने एल्डन रिंग नुकताच खेळायला घेतला होता आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर उभ्या असलेल्या मार्गिट नावाच्या बॉसने, म्हणजे टप्प्याच्या मोठ्या शत्रूने, त्याला सतरा वेळा मारले होते. "दादा, ये ना मदतीला," असे त्याने म्हणताच मी गेम सुरू केला, त्या पुलाजवळ माझी सोनेरी खूण (आपल्याला मदतीला बोलावता यावे म्हणून जमिनीवर टाकायची निशाणी) टाकली आणि वाट पाहत बसलो. फोनवर तो सांगत होता, "इथे तीन खुणा दिसतायत, पण तुझी नाही रे दादा." त्याची लेव्हल होती 24 आणि माझी 168. इतक्या ताकदीचा मदतनीस हाताशी असूनही त्याला माझा काडीचा उपयोग नव्हता.

आजचा विषय हाच आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये दुसऱ्यांबरोबर मिळून, म्हणजे को-ऑप, खेळायचे असेल, तर आपल्या पात्राची लेव्हल किती ठेवावी आणि कुठे थांबवावी? उदाहरण म्हणून मी प्रामुख्याने फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचे गेम घेणार आहे, म्हणजे डार्क सोल्स मालिका आणि 25 फेब्रुवारी 2022 रोजी आलेला एल्डन रिंग, कारण लेव्हलची निवड जितकी महत्त्वाची या गेममध्ये ठरते तितकी ती मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

हा प्रश्न मुळात जुना आहे. 1999 मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये गटातल्या सर्वांत वरच्या खेळाडूच्या दोन-तृतीयांश इतकी तरी लेव्हल नसेल, तर खालच्या खेळाडूला अनुभवाचे गुण मिळत नसत. त्यामुळे दोन मित्रांपैकी एकाने परीक्षेच्या काळात महिनाभर खेळणे सोडले की त्यांची जोडी फुटायची. 2004 च्या सिटी ऑफ हीरोजने यावर 'साइडकिक' हा उपाय काढला आणि लहान लेव्हलच्या खेळाडूला मोठ्याच्या जवळपास उचलून नेले. गिल्ड वॉर्स 2 ने 2012 मध्ये उलटा मार्ग धरला: तुम्ही 80 व्या लेव्हलचे असलात तरी पंधराव्या लेव्हलच्या प्रदेशात गेल्यावर गेम तुम्हाला त्या प्रदेशाच्या मापात आणून बसवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 2019 पासून 'पार्टी सिंक' आहे. अशा गेममध्ये तुम्ही निर्धास्तपणे लेव्हल वाढवत राहा, काही बिघडत नाही.

डार्क सोल्स 1, डार्क सोल्स 3 आणि एल्डन रिंगमध्ये मात्र रीत वेगळी आहे. इथे अनोळखी माणसाच्या मदतीला जाताना गेम तुमच्या दोघांच्या लेव्हल ताडून पाहतो आणि अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तुमची खूण समोरच्याला दिसूच देत नाही. डार्क सोल्स 3 मधला नियम सोपा आहे: दहा लेव्हल आणि त्यावर लेव्हलच्या दहा टक्के, तेवढे वर आणि तेवढेच खाली. लेव्हल 20 असेल तर दहा अधिक दोन म्हणजे बारा, म्हणून तुमची कक्षा 8 ते 32. लेव्हल 120 असेल तर दहा अधिक बारा म्हणजे बावीस, म्हणून कक्षा 98 ते 142. एल्डन रिंगचेही धोरण तेच आहे आणि लेव्हल वाढते तशी कक्षाही रुंदावते.

[पडद्यावर: 20 → 8 ते 32. 120 → 98 ते 142.]

आता मेख कुठे आहे ते पाहा. या गेममध्ये लेव्हल वाढवता येते, कमी करता येत नाही. एल्डन रिंगमध्ये राया लुकारियाच्या अकादमीत रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन पात्राचा 'पुनर्जन्म' करता येतो हे खरे, पण त्यात मिळालेले गुण फक्त नव्याने वाटता येतात; एकूण लेव्हल होती तेवढीच राहते. त्यामुळे हातात रून्स (लेव्हल वाढवायला लागणारे गेममधले चलन) साठले आहेत म्हणून ग्रेसपाशी, म्हणजे विश्रांतीच्या जागी, बसून दोन-चार लेव्हल वाढवण्याची जी सवय आपल्याला लागलेली असते, ती सवयच आपल्याला एकेका प्रदेशातून कायमची हद्दपार करत जाते. माझे मत असे आहे की को-ऑप खेळणाऱ्याने लेव्हलकडे ताकदीचे माप म्हणून न पाहता पत्ता म्हणून पाहावे. तुम्ही 168 वर राहायला गेलात, तर 24 च्या गल्लीतली माणसे तुम्हाला भेटणार नाहीत.

दुसरे कुलूप शस्त्राचे आहे आणि नव्या खेळाडूंची फजिती बहुतेक इथेच होते. एल्डन रिंगमध्ये साधे शस्त्र +25 पर्यंत आणि विशेष, म्हणजे सॉम्बर प्रकारचे शस्त्र +10 पर्यंत वाढवता येते, आणि जोडी जुळवताना तुमच्याकडे आजवर आलेले सर्वांत जास्त वाढवलेले शस्त्र मोजले जाते. ते हातात नसले, पेटीत ठेवून दिले किंवा विकून टाकले तरी नोंद पुसली जात नाही. एखाद्या उदार मित्राने तुमच्यासमोर +25 ची तलवार टाकली आणि तुम्ही ती आनंदाने उचललीत, तर लेव्हल 20 असूनही तुमच्या वयाच्या, म्हणजे लेव्हलच्या, मंडळींशी तुमची गाठ पडणे बंद होते. म्हणून भेट घेण्याआधी ती किती वाढवलेली आहे ते विचारा. लग्नात आहेर स्वीकारताना आपण असे विचारत नाही, पण इथे विचारावे.

आता तुम्ही म्हणाल की पासवर्ड आहेच की. बरोबर आहे. दोघांनी मल्टिप्लेअर पासवर्ड एकच ठेवला की लेव्हल आणि शस्त्र या दोन्ही अटी बाजूला होतात आणि वरच्या लेव्हलच्या खेळाडूची ताकद गेम आपणहून उतरवतो. त्या रात्री मी आणि माझा भाऊ शेवटी असेच भेटलो. इथे एक सूचना: त्याच पडद्यावर 'ग्रुप पासवर्ड' नावाचा दुसरा रकाना असतो, तो केवळ आपल्या गटातल्या लोकांच्या खुणा आणि संदेश पुढे आणण्यासाठी आहे, त्याने लेव्हलची अट सुटत नाही. आम्ही पहिली दहा मिनिटे त्याच रकान्यात घालवली.

तरीही पासवर्डने सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे ताकद उतरवली तरी तालिस्मान (ताईत), मंत्र आणि लढाईतली कौशल्ये तुमच्याबरोबर येतातच. मी त्या पुलावर गेलो आणि मार्गिट पाऊण मिनिटात आडवा झाला. भाऊ "थँक्यू दादा" म्हणाला खरा, पण त्याच्या आवाजात आनंद कमी आणि हिरमोड जास्त होता. सतरा वेळा मरून त्याने त्या बॉसच्या ज्या चाली शिकून घेतल्या होत्या, त्यांतली एकही त्याला वापरायला मिळाली नाही. दुसरे कारण असे की पासवर्ड फक्त ओळखीच्यांसाठी आहे. रात्री जेवण आटोपल्यावर तासभर अनोळखी लोकांच्या मदतीला जायचे, बॉस मारायचा, बक्षीस म्हणून रून आर्क मिळवायचा आणि नमस्कार करून परत यायचे, हा या गेममधला मला सर्वांत प्रिय असलेला उद्योग पासवर्डने जमत नाही. तिथे लेव्हलच लागते.

मग किती ठेवावी? आधी हे ठरवा की तुम्हाला कोणत्या टप्प्यावर मदत करायची आहे. एल्डन रिंगमध्ये खेळाडूंच्या अनुभवातून काही ढोबळ आकडे रुळले आहेत. लिमग्रेव्ह हा सुरुवातीचा प्रदेश आणि स्टॉर्मव्हेल यांसाठी 25 ते 35 लेव्हल आणि +3 किंवा +4 शस्त्र, अकादमीच्या आसपास 40 ते 60, राजधानी लेंडेलच्या टप्प्यावर 80 ते 90 च्या जवळपास, आणि बर्फाळ पर्वतांच्या पुढे शंभरच्या वर. हे काही शिलालेख नव्हेत. कोणी पुढे जाऊन येतो, कोणी मागे रेंगाळतो. पण तुम्ही यांतल्या एखाद्या पट्ट्याच्या मधोमध थांबलात तर खुणांचा दुष्काळ सहसा पडत नाही. पट्ट्याच्या काठावर मात्र थांबू नका, कारण तिथे तुमची अर्धी कक्षा अशा लेव्हलवर वाया जाते ज्या लेव्हलचे लोक त्या प्रदेशात नसतातच.

गेम संपवल्यानंतरचा मुक्काम हा वेगळा विषय आहे. डार्क सोल्स 1 आणि 3 मध्ये 120 हा आकडा वर्षानुवर्षे चालत आला. एल्डन रिंगमध्ये 125 वाले आणि 150 वाले असे दोन पक्ष आहेत, आणि 21 जून 2024 रोजी शॅडो ऑफ द एर्डट्री हा विस्तार आल्यावर 150 च्या पुढे जाणाऱ्यांची गर्दीही वाढली. हे आकडे कंपनीने ठरवलेले नाहीत. गावात बाजार कोणत्या वारी भरवायचा हे जसे एकदा ठरते आणि मग विकणारा आणि घेणारा दोघेही त्याच दिवशी येतात, तसेच हे आहे.

मी स्वतः आता 125 च्या पक्षातला आहे, आणि त्यामागचे गणित तुम्हाला दाखवतो. एल्डन रिंगमध्ये पात्राचे आठ गुण आहेत (व्हिगर म्हणजे जीव, स्ट्रेंग्थ म्हणजे बळ, असे) आणि त्यांच्या बेरजेतून 79 वजा केले की लेव्हल मिळते. रेच नावाचा वर्ग, म्हणजे सुरुवातीच्या पात्राचा प्रकार, आठही गुण दहावर घेऊन सुरू होतो, म्हणजे बेरीज 80 आणि लेव्हल 1. त्या हिशेबाने 125 व्या लेव्हलला तुमच्या हाती एकूण 204 गुण असतात. आता व्हॅगाबॉन्ड हा वर्ग घेऊन जड तलवारीचा लढवय्या बनवू. व्हिगर 60, माइंड 15, एन्ड्युरन्स 30, स्ट्रेंग्थ 60, डेक्स्टेरिटी 14, आणि उरलेले तीन गुण मुळात होते तसेच, म्हणजे 9, 9 आणि 7. बेरीज करून पाहा, बरोबर 204 भरते.

[पडद्यावर: 60 + 15 + 30 + 60 + 14 + 9 + 9 + 7 = 204]

हेच पात्र रेचपासून सुरू केले असते, तर इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन हे तिन्ही गुण दहाच्या खाली नेता आले नसते आणि पाच गुण कायमचे अडकून पडले असते. लेव्हलला मर्यादाच नसेल तर पाच गुणांना कोणी विचारत नाही, पण आकडा आधी ठरवला की सुरुवातीचा वर्ग निवडण्यालाही अर्थ येतो. 150 ला आणखी पंचवीस गुण मिळतात आणि त्यात तलवारीबरोबर थोडेफार मंत्रही बसतात. मला मात्र काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवत बसण्यातच मजा येते. ज्याला सगळेच हवे असते त्याच्या शेजारी लढताना माझ्या वाट्याला फारसे काम उरत नाही.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी उरतात. लेव्हलचा काथ्याकूट करण्याआधी मित्राकडे कोणते यंत्र आहे ते विचारा. पीएस4 आणि पीएस5 वाले एकमेकांना भेटू शकतात, एक्सबॉक्सच्या दोन पिढ्याही भेटू शकतात, पण पीसीवाला या दोघांनाही भेटू शकत नाही. मदतीला जाणाऱ्याला फ्लास्क (जीव भरून काढणारे औषध) निम्मेच मिळतात, को-ऑपमध्ये घोडा आणि मदतीला येणारे आत्मे, म्हणजे स्पिरिट अ‍ॅश दोन्ही बंद असतात, आणि माणूस वाढला की बॉसचा जीवही वाढतो. म्हणून मदतनीसाच्या पात्राला व्हिगर जरा सढळ हाताने द्यावे. आपण मेलो की होस्ट, म्हणजे ज्याच्या मदतीला आलो तो, वाढलेल्या जीवाच्या बॉससमोर एकटा उरतो.

फ्रॉमसॉफ्टवेअरलाही ही अडचण कळत असावी. मे 2025 मध्ये आलेल्या एल्डन रिंग नाइटरेनमध्ये तिघे जण प्रत्येक मोहिमेत पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करतात, 15 ही कमाल मर्यादा असते आणि मोहीम संपली की लेव्हल पुन्हा पहिल्यावर येते. तिथे आजच्या व्हिडिओतला लेव्हलचा हिशेब लागू होत नाही.

जुन्या गेममध्ये मी शेवटी काय केले, तेवढे सांगतो. 168 वाले पात्र तसेच ठेवून मी एक नवे पात्र बनवले. ते लेव्हल 32 वर आहे, तलवार +4 आहे, आणि स्टॉर्मव्हेलच्या दारातून ते पुढे गेलेले नाही. रून्स साठतात तेव्हा मी बाण आणि औषधे घेऊन ते उडवून टाकतो, म्हणजे ग्रेसपाशी बसल्यावर हात शिवशिवत नाहीत. भावाने आता लेंडेल गाठले आहे. परवा तो मला म्हणाला की त्यानेही एक दुसरे पात्र तीसवर थांबवले आहे, आणि काल रात्री पुलाजवळ माझ्या खुणेशेजारी त्याची खूण होती.