काळी एकमध्ये गाणारा पंखा

गोव्यात रात्रीच्या आवाजाचा विषय निघाला की बहुतेकांना किनारपट्टीवरच्या पार्ट्या आठवतात, आणि निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून देणारे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही आठवतात. या माहितीपटात आपण ज्या आवाजाच्या मागावर आहोत, तो त्या मर्यादेच्या बराच खालचा आहे. त्याने कोणाची झोप मोडली नाही, आणि त्याच्याविषयी तक्रार केली ती एकाच माणसाने.

फोंडा तालुक्यातील एका जुन्या चिरेबंदी घराच्या माडीवर भजनांचे ध्वनिमुद्रण होते. भिंतींना गाद्या टेकवलेल्या आहेत, खिडकीच्या फटींत काथ्या ठासलेला आहे, आणि मुद्रण चालू असताना छताचा पंखा बंद ठेवावा लागतो. कोपऱ्यातील टेबलाखाली संगणक आहे आणि त्याच्या पाठीला १२० मिलिमीटरचा, सात पात्यांचा एक पंखा आहे. एका दुपारी अभंग संपल्यावर गायक बुवांनी कानांवरचे हेडफोन उतरवले आणि संगणक सांभाळणाऱ्या मुलाला म्हणाले, "अरे, तुझा पंखा माझ्याबरोबर षड्ज लावतो, पण लावलेला षड्ज धरून ठेवत नाही रे."

बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा षड्ज पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीवर. खालच्या सप्तकातील या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १३८.६ असते. आता पंख्याकडे पाहू. पंखा मिनिटाला ११९० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण २० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात सात पाती जाळीच्या एकाच पट्टीसमोरून जातात. म्हणजे त्या पट्टीजवळच्या हवेला सेकंदाला सुमारे १३९ धक्के बसतात. अभियंते याला पाते-वारंवारता म्हणतात. बुवांच्या कानाला ती काळी एक आहे. ध्वनिमुद्रण लांबले, प्रोसेसर तापला आणि पंख्याचा वेग १२६० फेऱ्यांवर गेला, की तोच स्वर १४७ कंपनांवर चढतो, म्हणजे पांढरी दोनवर जातो. गायक षड्जावर उभा असताना त्याचा साथीदार कोमल ऋषभावर सरकतो. इतक्या नेमक्या शब्दांत पंख्याचा दोष सांगणारा दुसरा माणूस आम्हाला भेटलेला नाही.

यावर पहिला उपाय आम्हीच केला, आणि तो चुकला. संगणकाच्या कॅबिनेटच्या, म्हणजे पत्र्याच्या पेटीच्या, आतून जाड फोम चिकटवला आणि पुढच्या बाजूला दाट विणीची धूळजाळी लावली. पहिली दहा मिनिटे शांततेत गेली. त्यानंतर आतले तापमान वाढले, पंख्याने वेग वाढवला, आणि गुणगुणीच्या जागी खरखर ऐकू येऊ लागली. ही खरखर केवळ वाढलेल्या वेगाची नव्हती. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. येणारी हवा त्याला ठरावीक कोनात भेटली तर पृष्ठभागाला चिकटून वाहते. वाट कोंडली की हवा कमी येते, पात्याला ती अधिक तिरक्या कोनात भेटते, आणि पाठीवरून सुटून भोवऱ्यांत मोडते. पंखा फिरत राहतो, वीज खात राहतो, आवाज वाढवतो, आणि वारा मात्र घटत जातो. आवाज दाबण्याच्या नादात आम्ही पंख्याचा गळाच दाबला होता.

पंख्याच्या आवाजाचे गणित विलक्षण तीव्र उताराचे आहे, आणि सुधारणेची सगळी आशा त्या उतारावर आहे. एकाच पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट होतो, दाब चौपट होतो, आणि लागणारी शक्ती आठपट होते. आवाज त्याहूनही वेगाने चढतो: वेग दुप्पट झाला की ढोबळमानाने १५ डेसिबलची भर पडते, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. हेच उलट दिशेने वाचले तर वेग थोडा जरी उतरवला तरी आवाज भराभर उतरतो. मग वारा कुठून आणायचा? पंख्याचा व्यास वाढवून. घाट तोच ठेवून व्यास १२० वरून १४० मिलिमीटर केला, तर तेवढ्याच वेगात वारा सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून तेवढाच वारा मिळवण्यासाठी १२०० ऐवजी साधारण ७५६ फेरे पुरतात. मोठ्या पात्याचा स्वतःचा आवाज जमेस धरला तरी हिशेबात पाच डेसिबलची बचत उरते.

हा हिशेब कागदावर इतका गोड दिसतो की त्यातील अट नजरेआड होते. ७५६ फेऱ्यांवर फिरणाऱ्या त्या मोठ्या पंख्याचा दाब जुन्या पंख्याच्या जेमतेम ५४ टक्के असतो. त्याच्यासमोर मोकळी वाट असेल तर तो राजा आहे. पण दाट जाळी, धुळीने भरलेला हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेले कॅबिनेट समोर असेल, तर त्याला हवा लोटताच येत नाही. म्हणून नवा पंखा विकत घेण्यापूर्वी वाट मोकळी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानात मात्र हा सल्ला मिळत नाही, कारण मोकळ्या वाटेला किंमत लावता येत नाही.

वाट कुठे कोंडली आहे हे पाहण्यासाठी या घरात उपकरण शोधावे लागले नाही. देवघरातील उदबत्ती आणली आणि तिचा धूर फिरत्या पंख्याच्या तोंडाशी धरला. आता पडद्यावर दिसते आहे ते हळू गतीने पाहा. मध्यभागी धूर सरळ ओढला जातो. कडेला मात्र, पात्याचे टोक आणि चौकट यांच्यामधील फटीपाशी, त्याची एक बारीक बट उलटी वळून बाहेर येते. पात्याच्या पुढच्या अंगाला दाब जास्त आणि पाठीला कमी असल्यामुळे हवा त्या फटीतून चोरवाटेने परतते, आणि परतताना टोकाशी एक भोवरा वळते. मागून येणारे पाते नेमके त्या भोवऱ्यावर आदळते. गळती वारा खाते आणि भोवरा आवाज करतो. एकाच फटीचे हे दोन्ही प्रताप आहेत.

मग फट बुजवत का नाहीत? कारण प्लास्टिकचे पाते सतत बाहेरच्या बाजूला ओढले जात असते आणि उष्णतेत वर्षानुवर्षे फिरताना किंचित लांबते. फट फार अरुंद ठेवली तर एक दिवस पाते चौकटीला घासू लागते. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०१८ साली बाजारात आणलेल्या १२० मिलिमीटरच्या पंख्यात ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली, आणि त्यासाठी नेहमीचे प्लास्टिक सोडून सहज न ताणले जाणारे द्रव-स्फटिक पॉलिमर वापरले. म्हणजे शांततेचा प्रश्न अखेर पदार्थविज्ञानाच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या कंपनीच्या चिन्हावर घुबड आहे आणि ते योग्यच आहे. ग्रॅहॅम या ब्रिटिश अभ्यासकाने १९३४ साली घुबडाच्या मूक उड्डाणाची तीन कारणे नोंदवली होती: पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर, आणि वरच्या अंगाला मखमली लव. काही पंख्यांच्या पात्यांची मागची कड आज करवतीसारखी कापलेली दिसते, तिच्यामागे हीच कल्पना आहे. पात्यावरून सुटणारी हवा एका रेषेत एकदम न सुटता तुकड्यातुकड्याने सुटते, आणि तिचा आवाज विखुरतो.

आता पुन्हा बुवांच्या तक्रारीकडे वळू, कारण भोवऱ्यांचा आवाज सूं सूं असतो आणि तो कोणत्याही पट्टीत बसत नाही. स्वर उमटतो तो ठरावीक ठोक्यांमुळे, आणि या कॅबिनेटमधील ठोक्यांचे मूळ पत्र्याची जाळी हे होते. कारखान्यात पत्र्यालाच भोके पाडून ती केलेली होती, आणि पंखा तिला जवळजवळ चिकटून बसवलेला होता. आम्ही तो पत्रा गोल कापून काढला, कडा कानशीने घासल्या, आणि त्या जागी बारीक तारेची गोल जाळी थोडे अंतर सोडून लावली. सगळ्या खटपटीतील सर्वांत मोठा फरक या एका कामाने पडला, आणि त्याचा खर्च एका जाळीइतकाच होता.

पंख्याची मोटर ज्या आडव्या दांड्यांवर तोललेली असते, त्यांचाही स्वराशी संबंध आहे. दांड्या चार आणि पाती आठ असतील, तर एकाच क्षणी चार पाती चार दांड्यांवरून जातात आणि चारही धक्के एकत्र बसतात. पाती सात किंवा नऊ ठेवली की ते एकामागून एक विखरून बसतात. चांगल्या पंख्यात दांड्या पात्याच्या कडेच्या उलट कलत्या असतात, त्यामुळे कड दांडीवरून एकदम न जाता कात्री मिटावी तशी सरकत जाते. मोटारगाड्यांच्या रेडिएटरच्या अनेक पंख्यांत पात्यांमधील अंतरेच मुद्दाम असमान ठेवतात. एक ठळक स्वर मोडून त्याचे अनेक फिके स्वर होतात, आणि कानाला ते कमी खुपतात.

दोन पंखे लावण्याचा प्रयोगही झाला. एकाचा वेग ११९० आणि दुसऱ्याचा १२१० असा किंचित फरक राहिला, आणि सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा आवाज फुगू-ओसरू लागला. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जरा उतरल्या की असेच हेलकावे ऐकू येतात. बुवांनी ते खोलीच्या दारातूनच ओळखले.

बेअरिंगविषयी, म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो त्या भागाविषयी, थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की इथल्या दमट आणि खाऱ्या हवेत बॉल बेअरिंगला गंज चढण्याची भीती असते, आणि स्वस्त बुश बेअरिंगचे तेल उन्हाळ्यात आटते. त्यामुळे पंखा बसवण्यापूर्वी बोटाने फिरवून तो गुळगुळीत थांबतो का हे पाहावे. धुळीचा त्रास मात्र अधिक आहे. पावसाळ्यात धूळ आणि ओल मिळून पात्याच्या पुढच्या कडेवर तपकिरी लेप बसतो, आणि त्या कडेची गोलाई बिघडली की हवा पुन्हा लवकर सुटू लागते. ओलसर फडक्याने सात पाती पुसायला पाच मिनिटे लागतात.

अखेर टेबलाखालचा संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, फोम काढून टाकला, दाट जाळीऐवजी विरळ जाळी लावली, आणि सात पात्यांचाच १४० मिलिमीटरचा पंखा रबरी खुंट्यांवर बसवला, म्हणजे त्याची थरथर पत्र्याला लागत नाही. त्याचा वेग तापमानानुसार वरखाली होऊ न देता ७५० फेऱ्यांच्या आसपास स्थिर ठेवला आहे, कारण बदलता आवाज कान टिपतो आणि स्थिर आवाजाला लवकर सरावतो. पंख्याचा स्वर आता ८८ कंपनांच्या आसपास, पांढरी चारवर उतरला आहे. माणसाच्या कानाला तिथे कमी ऐकू येते, आणि बुवांचा आवाज इतका खाली जात नसल्यामुळे त्यांच्या मायक्रोफोनवर १०० कंपनांखालचा भाग गाळून टाकता येतो.

पखवाजाला मात्र ही गाळणी लावता येत नाही. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा नेमका त्याच भागात असतो, आणि तो कापला तर पखवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. त्यामुळे पखवाजाचे मुद्रण असेल त्या दिवशी संगणक लांब तारेने अजूनही बाहेरच्या वसरीवर नेऊन ठेवतात.