मित्राचं घर, पाहुण्याचा हात

(पडद्यावर: जुनी भिंत, अगदी जवळून. पॉलिश पेपर घासल्याचा आवाज.)

जुन्या रंगाचे पापुद्रे सुटतायत. खाली पिवळट पुट्टी दिसू लागली आहे. धूळ भुवयांवर, ओठांवर, घड्याळाच्या काचेवर बसते आहे. भिंत घासणारा माणूस या देशाचा नाही. तो सुट्टीवर आलाय, जुन्या मित्राकडे. मित्रानं नुकतंच घर घेतलं. घर जुनं आहे आणि मजुरी त्याच्या आवाक्याबाहेरची. पहिल्याच संध्याकाळी पाहुणा म्हणाला, "अरे, माझे दोन हात रिकामेच आहेत. रोलर आण."

त्याच्या पासपोर्टात प्रवासी व्हिसा आहे. या व्हिसावर काम करता येत नाही.

मग आत्ता तो जे करतोय, ते काम आहे का?

हा माणूस कोणीही असू शकतो. शिकायला गेलेला भाचा, मुलीकडे सहा महिने राहायला गेलेले वडील, सहज भेटायला गेलेली मैत्रीण. आपल्या बोलण्यात "काम" हा शब्द सैल असतो. कायद्याला सैल शब्द चालत नाही, त्याला व्याख्या लागते. अशा व्याख्या वाचायला बसलो तेव्हा आमचा एक समज पहिल्याच दिवशी मोडला. पैसे घेतले नाहीत म्हणजे सगळं कायदेशीर, असा तो समज होता.

(पडद्यावर: रंगाचा डबा उघडला जातो.)

ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या स्थलांतर नियमांत कामाची व्याख्या एका ओळीची आहे: ऑस्ट्रेलियात ज्या कृतीला सहसा मोबदला मिळतो, ती कृती म्हणजे काम. तुम्हाला मोबदला मिळाला का, असा प्रश्न तिथं येतच नाही. ही कृती करणाऱ्याला एरवी पैसे मिळतात का, एवढंच पाहिलं जातं. भिंत रंगवायला, फरशी बसवायला, छत दुरुस्त करायला माणसं पैसे घेतात. म्हणजे फुकट मारलेला रोलरही शंकेच्या घेऱ्यात येऊ शकतो. निखळ स्वयंसेवेला तिथं वाव आहे, पण तीही अशी हवी की जी एरवी कुणा स्थानिकानं मजुरी घेऊन केली नसती.

न्यूझीलंड उलट्या बाजूनं येतं. तिथं लाभासाठी किंवा मोबदल्यासाठी केलेली कृती म्हणजे काम. वाचून हायसं वाटतं, पण मोबदल्यात काय काय मोजलं आहे तेही पाहायला हवं. पैशात मोल करता येईल असा कुठलाही फायदा त्यात येतो, राहणं-जेवणसुद्धा. मित्राकडे उतरलेला माणूस राहणार तिथंच आणि जेवणारही तिथंच. फरक ठरतो तो एका गोष्टीनं: तो पाहुणा म्हणून राहतोय, की "तू भिंती रंगव, मी महिनाभर ठेवून घेतो" असा सौदा झालाय? पहिलं आदरातिथ्य. दुसरी मजुरी, फक्त नोटांऐवजी खोलीच्या रूपात दिलेली.

हा बारीक फरक किती महागात पडू शकतो, ते २०२५ च्या सुरुवातीला दिसलं. ब्रिटनमधली एक तरुण प्रवासी अमेरिकेत एका कुटुंबाकडे राहत होती. राहण्याच्या बदल्यात घरकामात मदत करत होती. तिथून ती कॅनडाला निघाली. कॅनडाच्या सीमेवर तिला प्रवेश नाकारला गेला, परत अमेरिकेच्या हद्दीत आल्यावर तिला ताब्यात घेतलं, आणि घरी पोचायच्या आधी जवळपास तीन आठवडे तिनं कोठडीत काढले. आम्हाला हे वाचताना अस्वस्थ व्हायला झालं. तिनं कुणाला फसवलं नव्हतं. तिच्या मनात ती मदत होती, अधिकाऱ्यांच्या लेखी ते काम होतं.

(पडद्यावर: नदीकाठचं लाकडी घर, अर्धवट बांधलेलं.)

आता त्याच कॅनडाचा नियम ऐका. २००२ च्या नियमांप्रमाणे ज्यासाठी वेतन किंवा कमिशन मिळतं, किंवा जी कृती कॅनडाच्या श्रमबाजारात तिथल्या लोकांशी थेट स्पर्धा करते, ते काम. आणि काय काम नाही, हे सांगताना सरकारी मार्गदर्शनात दोन उदाहरणं दिली आहेत: मुलीच्या बाळाला सांभाळायला आलेली आई, आणि पुतण्याला स्वतःचं छोटं घर बांधायला मदत करणारा काका.

या काकाजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. नियम लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर एक खराखुरा माणूस उभा राहिला असणार. बाह्या सरसावलेला, ओठांत खिळे धरलेला. त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, असं नियम लिहिणाऱ्यानं ठरवलं आणि तसं कागदावर लिहून ठेवलं. प्रत्येक देशानं एवढं करावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. नातं आणि मजुरी यांतला फरक सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या त्या क्षणीच्या मर्जीवर सोडू नये.

जपाननंही तो फरक लिहून ठेवला आहे. नातेवाईक, मित्र किंवा ओळखीच्या माणसाच्या विनंतीवरून त्याच्या रोजच्या घरकामात मदत केली आणि त्यानं कृतज्ञतेनं काही हातावर ठेवलं, तर तो बंदी असलेला मोबदला धरला जात नाही. अट एकच, तो धंदा नसावा. पण शब्द "रोजचं घरकाम" असे आहेत. केर काढणं त्यात नक्की बसतं. स्वयंपाकघराची भिंत पाडणं बसेल असं धरून चालू नये.

जर्मनीत हा प्रश्न चोरून केलेल्या कामाच्या कायद्यातून येतो. २००४ च्या त्या कायद्यात आप्तांची मदत, मैत्रीखातर केलेलं काम आणि शेजारधर्म वेगळा काढला आहे, नफा हा हेतू नसेल तर. मात्र तो कायदा कर आणि विम्याची चोरी पकडण्यासाठी आहे. त्यातली सूट म्हणजे व्हिसाची परवानगी नव्हे.

थायलंडचं मात्र वेगळं आहे. तिथल्या २००८ च्या कायद्यात अंगबळ किंवा ज्ञान वापरून केलेली कृती म्हणजे काम, मोबदला असो वा नसो, अशी व्याख्या होती. तिच्या कचाट्यातून काय सुटतं, हेच कळेना. शिवाय परदेशी माणसाला मनाई असलेल्या ३९ व्यवसायांची १९७९ पासूनची यादी होती, आणि तीत गवंडीकाम, सुतारकाम होतं. तिथं घर करून राहिलेल्या परदेशी माणसांना आपल्याच कुंपणाला रंग द्यावा की नाही, असा प्रश्न पडायचा. २०१७ मध्ये नवा कायदा आला, २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि व्याख्या "व्यवसाय करणं" या अर्थाकडे सरकली. परवान्याविना काम केल्याबद्दलची कैद गेली, ५,००० ते ५०,००० बाहत दंड आणि देशाबाहेर रवानगी राहिली. तरी जाणकार तिथं आजही जपूनच राहायला सांगतात.

(पडद्यावर: घरासमोर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी.)

ही पाटी नीट पाहा. मित्र स्वतः राहणार असलेलं घर, आणि मित्र भाड्यानं देणार किंवा नूतनीकरण करून विकणार असलेलं घर, बाहेरून अगदी सारखी दिसतात. रोलरही तोच. पण दुसऱ्या घरात तुमचा घाम मित्राच्या धंद्यात जमा होतो. मित्राच्या ठेकेदाराकडे माणूस कमी पडला म्हणून तुम्ही उभे राहिलात, तरी तेच. ब्रिटनमध्ये बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पाहुण्याला तिथं जी स्वयंसेवा करता येते, ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण ३० दिवसांपर्यंत. मित्राचं घर म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे.

(पडद्यावर: शिडी. वरच्या पायरीवर एक पाऊल.)

व्हिसाचं सगळं नीट असलं तरी शिडी आहेच. अनेक प्रवास विम्यांत अंगमेहनतीचं काम करताना झालेली दुखापत वगळलेली असते. पाय घसरून मनगट मोडलं तर दवाखान्याचं बिल कोणी भरायचं, हा प्रश्न दोन मित्रांमध्ये येऊन बसतो, आणि तो मैत्रीला पेलवेलच असं नाही. जर्मनीत घरमालकानं स्वतः बांधकाम काढलं तर हाताशी येणाऱ्या मित्रांचीही नोंद बांधकाम क्षेत्राच्या अपघात विमा संस्थेकडे करावी लागते. ही आम्हाला सगळ्यात माणुसकीची अट वाटली.

आणि धूळ. १९७८ पूर्वीच्या अमेरिकी घरात जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रिटनमध्ये २००० पूर्वीच्या इमारतीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असलेलं तंतुमय खनिज, असू शकतं. अशी भिंत हौसेनं घासायची नसते. वायरिंग आणि गॅस तर मुळीच हातात घ्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात घरातलं विजेचं काम परवानाधारकानंच करायचं, पासपोर्ट कुठलाही असो.

मग निघण्यापूर्वी काय करायचं? ज्या देशात जायचंय तिथल्या स्थलांतर खात्याला लेखी विचारायचं: मी मित्राच्या राहत्या घरात, मोबदला न घेता, इतके दिवस, अमुक मदत केली तर चालेल का? उत्तर जपून ठेवायचं. विमानतळावर विचारलं तर खरं सांगायचं, फोनमधल्या संदेशांशी जुळेल असं. "राहायला दे, मी काम करतो" असा गमतीतला संदेशसुद्धा तिथं गमतीचा राहत नाही.

(पडद्यावर: तीच भिंत. रोलरचा पहिला पट्टा, वरून खाली.)

आपल्या पाहुण्यानं निघण्यापूर्वी विचारलं होतं. तीन ओळींचं उत्तर आलं, तो कागद खिडकीत रंगाच्या डब्याखाली दाबून ठेवलाय. मित्र शिडी धरून उभा आहे. विजेच्या बोर्डाभोवती चिकटपट्टी लावली आहे. तिथं दोघांपैकी कुणीच हात लावणार नाही. उद्या सकाळी वायरमन यायचा आहे.