‘टू’ कुठे लिहायचा, कुठे गाळायचा

नमस्कार, श्रोतेहो. कागद-पेन हाताशी असेल तर घ्या, आजची वाक्यं लिहून घेतलीत तर बरं.

‘त्यानं मला थांबायला लावलं’ याचं इंग्रजी करा म्हटलं की पुष्कळ जण लिहितात, ‘ही मेड मी टू वेट’. यातला ‘टू’ चूक. हा ‘टू’ येतो आपल्या ‘थांबायला’मधून. शेवटी ‘-यला’ ऐकू आला की हात आपोआप ‘टू’ लिहून मोकळा होतो, आणि वाईट म्हणजे बरेचदा ते बरोबरही निघतं. ‘त्याला जायला सांग’ म्हणजे ‘टेल हिम टू गो’. उलट ‘जाऊ दे’, ‘जाऊ शकतो’ यांत ‘-यला’ नाही आणि इंग्रजीतही ‘टू’ नाही: ‘लेट हिम गो’, ‘ही कॅन गो’. इथं सवय पक्की होते आणि पुढं फसवते. ‘जायला पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट गो’, ‘मस्ट टू गो’ नव्हे. याउलट ‘ती शिकू लागली’मध्ये ‘-यला’ नसूनही ‘शी बिगॅन टू लर्न’.

तेव्हा मराठी शेपूट सोडा आणि आधीचं इंग्रजी क्रियापद बघा. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट या नऊ मोडलनंतर, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येणाऱ्या सहायक क्रियापदांनंतर, नुसतं मूळ रूप येतं. ‘ऑट’ मात्र ‘टू’ घेतो. ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ यांनाही ‘टू’ चालत नाही: ‘यू हॅड बेटर टेक द मेट्रो’. ‘हॅड’ बघून हा भूतकाळ समजू नका, सल्ला आत्ताचाच आहे.

दुसरा गट मेक, लेट, सी, हिअर यांचा. क्रियापद, मग माणूस, मग मूळ रूप: ‘आय सॉ हिम क्रॉस व्हरायटी चौक’. म्हणजे चौक पूर्ण ओलांडताना पाहिलं. ‘क्रॉसिंग’ म्हटलंत तर अर्ध्यावर दिसला इतकंच. 

स्पर्धा परीक्षावाल्यांनी इथं कान टवकारावेत. प्रयोग बदला म्हटलं की गाळलेला ‘टू’ परत येतो. ‘दे मेड अस वेट ॲट अजनी’चं कर्मणी ‘वी वर मेड टू वेट ॲट अजनी’. तसंच ‘ही वॉज सीन टू क्रॉस’. कर्तरीत टू नव्हता म्हणून तो इथंही टाकला नाही, तर गुण गेला. ‘लेट’चं कर्मणी अवघडून जातं; सरळ ‘वॉज अलाउड टू गो’ लिहा.

गॅरेजमध्ये ब्रेक तपासून घेतले, याची दोन रूपं आहेत: ‘आय हॅड द मेकॅनिक चेक द ब्रेक्स’ आणि ‘आय गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स’. अर्थ जवळपास एकच, पण ‘गेट’ला ‘टू’ हवा, ‘हॅव’ला नको. यामागं तर्क शोधू नका, पाठच करा. ‘हेल्प’ बिचारा दोन्ही चालवून घेतो.

‘नीड’ची दोन रूपं मात्र एकमेकांत मिसळू देऊ नका. ‘यू नीड नॉट कम’ बरोबर, ‘यू डोन्ट नीड टू कम’ही बरोबर. ‘डोन्ट नीड कम’ चूक.

आता लिहा: ‘आईनं मला संत्री सोलायला लावली.’ आधी कर्तरी, मग ‘मला संत्री सोलायला लावण्यात आलं’ हे कर्मणी. उत्तरं ऐका: ‘मदर मेड मी पील द ऑरेंजेस’ आणि ‘आय वॉज मेड टू पील द ऑरेंजेस’.