उतरवलेल्या टायरची साक्ष

[दृश्य: जॅकवर उचललेली पिकअप. नटावर पाना बसतो.]

शेवटचा नट निघतो आणि चाक हातात येतं. रिमवरून टायर उतरवला की बहुतेक ठिकाणी पुढची गोष्ट ठरलेली असते. जुना टायर पायानं ढकलून कोपऱ्यात जातो आणि सगळे नव्या टायरभोवती जमतात. कोणाला नक्षी आवडते, कोणाला बाजूची पांढरी अक्षरं.

आपण आज त्या कोपऱ्यात जाणार आहोत. नवा टायर कोणता घ्यावा, हे दुकानातल्या फळीपेक्षा हा जुना टायर जास्त खरं सांगतो. फक्त त्याला विचारावं लागतं.

[दृश्य: चार जुने टायर जमिनीवर ओळीत. प्रत्येकावर खडूनं जागा लिहिलेली: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.]

खडूची ही खूण टायर उतरवण्याआधीच करायची. नंतर कुठला कुठे होता ते कोणालाच आठवत नाही, आणि साक्षीदाराचं निम्मं म्हणणं त्याच्या जागेत असतं.

पुढचा डावा बघा. दोन्ही कडा झिजल्यात, मधला भाग अजून बरा आहे. हवा कमी असली की टायर मधोमध आत दबतो आणि भार कडांवर येतो. आता मागचा उजवा. इथे बरोबर उलटं चित्र आहे, कडा शाबूत आणि मधला पट्टा गुळगुळीत. हा टायर जास्त हवेवर पळालाय.

एकाच गाडीचे टायर, आणि दोन तऱ्हा. हे पिकअपमध्ये सहज दिसतं, कारण पिकअप म्हणजे एका चासीवरच्या दोन गाड्या. हौदा रिकामा असतो तेव्हा इंजिनामुळे नाक जड असतं आणि मागची बाजू हलकी. हौदा भरला की ते वजन बहुतेक सगळं मागच्या ॲक्सलवर बसतं. या गाडीच्या मागच्या टायरांत हवा भरलेल्या हौद्याच्या हिशेबानं मारलेली होती आणि गाडी बहुतेक दिवस रिकामी धावली. पुढच्या टायरांकडे कोणी बघितलंच नाही.

[दृश्य: पुढच्या उजव्या टायरवरून तळहात फिरतो. आतून बाहेर, मग बाहेरून आत.]

हे डोळ्यांना दिसत नाही. एका दिशेनं हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की करवतीसारखी धार बोटांना टोचते. चाकं सरळ समांतर नसून किंचित आत किंवा बाहेर वळलेली आहेत. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी टायर खाते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ, न करता यावर कितीही महागाचा टायर चढवला तरी गाडी तोही खाईल. टायरवर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडलेले असते तर संशय शॉक ॲब्सॉर्बरवर किंवा बॅलन्सिंगवर गेला असता. तसं इथे नाही.

आणखी एक गोष्ट या टायरांवर नाही, आणि ती मला सगळ्यात बोलकी वाटते. दगडांनी काढलेले लचके नाहीत. खाचांत अडकलेले खडे नाहीत. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ओरखडा नाही. गाडी कुठे चालते असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक पिकअपवाला चिखल आणि डोंगर सांगतो. टायर सांगतो, डांबर.

[दृश्य: तीन नवे टायर शेजारी शेजारी. कॅमेरा नक्षीवरून हळू सरकतो.]

आता नक्षी. डावीकडचा हायवे टायर, नावात बहुधा एचटी. लांब सरळ खाचा, जवळजवळ बसवलेले ठोकळे, ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा. या चिरा ओल्या रस्त्यावर कडा वाढवतात आणि पकड देतात. मधला ऑल टेरेन, म्हणजे एटी. ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद, खांद्यावर दात. उजवीकडचा मड टेरेन, एमटी. यात रबरापेक्षा मोकळी जागाच डोळ्यांत भरते. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा म्हणून ती जागा असते.

मोकळी जागा वाढली की डांबराला टेकणारं रबर कमी होतं. उंच ठोकळे ब्रेक मारताना आणि वळताना वाकतात. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, फटीतली हवा दाबली जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर केबिनमध्ये जी घरघर सुरू होते ती टायर बदलेपर्यंत सोबत राहते. ओल्या डांबरावर एमटी टायर बहुधा हायवे टायरच्या मागे पडतो. चिखल नसताना चिखलाचा टायर घेणं म्हणजे रोज गमबूट घालून ऑफिसला जाणं. एटी हा मधला मार्ग आहे, आणि महिन्यातून काही दिवस तरी कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला तो शोभतो. या गाडीला नाही.

बर्फाच्या प्रदेशात एक खूण शोधायची: तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचा स्फटिक. ती बर्फावरची पकड चाचणीत सिद्ध झाल्यावरच मिळते. नुसतं एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, लिहिलेलं असेल तर ते मुख्यतः नक्षीच्या रचनेबद्दल असतं.

[दृश्य: साइडवॉलचा क्लोजअप. ओल्या फडक्यानं धूळ पुसली जाते, अक्षरं उमटतात.]

२६५/७० आर १७. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १८५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. रिमचा व्यास १७ इंच. हे बहुतेकांना माहीत असतं. खरी मेख पुढच्या आकड्यात आहे: ११५ टी. ११५ हा भारांक, आणि त्याचा अर्थ या टायरवर जास्तीत जास्त १२१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग.

याच मापाचा दुसरा टायर आणा. समोर एलटी ही अक्षरं, म्हणजे लाइट ट्रक, आणि भारांक १२१/११८. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, १४५० किलो. दुसरा जोडचाकांचा, प्रत्येकी १३२० किलो. साइडवॉलवर लोड रेंज ई किंवा १० पीआर, म्हणजे दहा प्लाय रेटिंग, लिहिलेलं असतं. दहा प्लाय म्हणजे आत दहा थर, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. थर सुती कापडाचे होते तेव्हा ते खरं होतं. आज साइडवॉलमध्ये बहुधा दोन-तीनच थर असतात, पण ताकद जुन्या दहा सुती थरांएवढी धरली जाते.

मग सरळ एलटीच घ्यावा, जास्त भार म्हणजे जास्त चांगलं? इथेच लोक फसतात.

[दृश्य: हवा मोजण्याचा गेज. काटा ३५ वर थांबतो.]

ते १४५० किलो ८० पीएसआय हवेवरचे आहेत. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. टायर भार उचलत नाही, आतली हवा उचलते. टायर फक्त हवेची पिशवी सांभाळतो. एका चाकावर ५०० किलो आणि आत ३५ पीएसआय हवा धरली, तर टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर टेकतो. पसरलेल्या पंजाहून थोडी मोठी जागा. ब्रेक, वळण, पाऊस, सगळं त्या चार पंजांवर.

दारावरच्या स्टिकरवर ३५ पीएसआय लिहिलंय ते कंपनीनं बसवलेल्या साध्या टायरसाठी. त्याच गाडीवर एलटी टायर चढवून ३५ वरच ठेवला, तर त्याची भार पेलायची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी भरू शकते. जाड टायर त्याच भारासाठी जास्त हवा मागतो. किती, ते टायर कंपनीच्या भार आणि हवेच्या कोष्टकात असतं. अंदाजानं मारू नये. हवा ६५ पीएसआयच्या वर जाणार असेल तर रबरी व्हॉल्व्हही बदलावा लागतो, कारण नेहमीचा व्हॉल्व्ह तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

आणि त्या जाडीची किंमत रोज मोजायची असते. एलटी टायर वजनाला जड. रिकाम्या हौद्यात गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि डिझेल थोडं जास्त जातं. ट्रेलर ओढणाऱ्या, हौदा भरून पळणाऱ्या किंवा धारदार दगडांतून जाणाऱ्या गाडीला हे परवडतं.

उलट चूकही तितकीच महागात पडते. साधा प्रवासी टायर पिकअपवर बसवताना त्याची क्षमता १.१ नं भागून धरण्याची पद्धत आहे, कारण पिकअपवर भार वेडावाकडा पडतो. १२१५ भागिले १.१, म्हणजे सुमारे ११०५ किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कोणी ‘चालतो हो’ म्हणून देत असेल तर घेऊ नका.

[दृश्य: रेडियल टायरचा आडवा छेद. पोलादी पट्ट्यांच्या कडांवर प्रकाश.]

मिशेलिननं १९४६ साली रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर, नक्षीच्या खाली, पोलादी पट्टे. या पट्ट्यांच्या कडा बघा. हवा कमी असते तेव्हा साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आणि पट्ट्यांच्या कडांपाशी रबर सुटू लागतं.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवर होते, आणि ती गाडी फोर्डच्या रेंजर पिकअपच्या पायावर उभी होती. वेगात असताना नक्षीचा पट्टाच सोलून निघत होता आणि गाड्या उलटत होत्या. दोष टायरचा की फोर्डनं सुचवलेल्या २६ पीएसआयचा, यावर दोन्ही कंपन्या जाहीरपणे भांडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला, आणि डॅशबोर्डवर पेटणारा कमी हवेचा पिवळा दिवा पुढे तिथे सक्तीचा झाला तो त्यातूनच.

त्या दिव्यावर विसंबू नये, हे माझं मत. तो बराच उशिरा पेटतो. हवा गार टायरवर मोजायची, गाडी किमान तीन तास उभी असताना.

[दृश्य: मोठ्या मापाचा टायर पिकअपशेजारी टेकवलेला.]

आता मोह. २६५ ऐवजी २८५. गाडी उठून दिसेल, यात वाद नाही. पण गणित करू. २६५/७० आर १७ चा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, २८५/७० आर १७ चा ८३१. २८ मिलिमीटर जास्त. गाडी जमिनीपासून वर उचलली जाते ती फक्त १४ मिलिमीटर. त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या पुढे असते, चढावर गिअर जड वाटतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासतो का ते बघावं लागतं. १४ मिलिमीटरसाठी हे सगळं.

या गाडीसाठी निवड झाली: मूळ माप, मूळ भारांक, हायवे नक्षी. फोटोत कोणी वळून बघणार नाही.

[दृश्य: नव्या टायरवरची डॉट अक्षरं. बोट शेवटच्या चार आकड्यांवर.]

टायर कधी बनला ते हे चार आकडे सांगतात. घेण्याआधी ते वाचायचे. ३२२४ असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायरांवर वाचायचे, आणि आतल्या बाजूला असले तर वाकून वाचायचे.

चारही एकदम परवडत नसतील तर एकाच ॲक्सलवरचे दोन बदलावेत, आणि ते मागे बसवावेत. हे पटवणं कठीण जातं, कारण सगळ्यांना नवे टायर पुढे हवे असतात. पण पाण्यावर पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते आणि ते हाताला कळतं. मागची तरंगली तर गाडी फिरते, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत झिजलेल्या आणि नव्या टायरांच्या व्यासातला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला, सोसावा लागतो. तिथे कंपनीनं किती फरक चालेल म्हटलंय ते आधी वाचावं.

[दृश्य: चारही नवी चाकं बसलेली. नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोर आवळले जातात.]

अलाइनमेंट झाली. टॉर्क पान्याचा टक असा आवाज येतो. ८० ते १०० किलोमीटरनंतर हे नट पुन्हा तपासायचे. गाडी जॅकवरून उतरते, कोणीतरी हौद्याची फळी बंद करतं.

आणि आता गाडीखाली.

[दृश्य: हौद्याखालून साखळीनं स्टेपनी हळूहळू उतरते. माती गळते.]

स्टेपनीवर चिखलाचा थर आहे. खरवडला की खाली नक्षी दिसते, पूर्ण खोल, रबराचे बारीक केसही जागेवर. एकदाही रस्त्याला न लागलेला टायर. साइडवॉल बोटांनी दाबली की बारीक भेगा उघडतात. फडकं फिरतं, डॉटच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वर येतात: ०९१४.

गेज लावला जातो. काटा जागचा हलत नाही.