हिशेब रात्रीचा मांडावा, पॅनेल मग निवडावीत

श्रोतेहो, नमस्कार.

छतावर सौर पॅनेल बसवून त्यांना बॅटरीची जोड द्यायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पॅनेल किती किलोवॉटची घ्यायची हा. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी पॅनेल पुरेशी वीज देऊ लागेपर्यंत घरात काय काय चालते आणि त्यातले काय चालू राहिलेच पाहिजे, हे आधी लिहून काढावे. बॅटरी, इन्व्हर्टर आणि पॅनेल या तिघांचीही मापे त्या यादीतूनच निघतात. जवळ कागद-पेन्सिल असेल तर आपण एक उदाहरण करून पाहू.

उपकरण किती वॉटचे आहे याला ते किती तास चालते या संख्येने गुणले, की वॉट-तास मिळतात; असे १००० वॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. १० वॉटचे पाच दिवे पाच तास चालले तर २५० वॉट-तास होतात. ६० वॉटचे दोन पंखे आठ तास चालले तर ९६०, आणि इंटरनेटचा १० वॉटचा राउटर चौदा तास चालला तर १४०. फ्रिजच्या बाबतीत मात्र पाटीवरच्या वॉटना तासांनी गुणून चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होत असतो. तिथे प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरने प्रत्यक्ष खप मोजावा. तो रात्रभरात ६०० वॉट-तास निघाला असे धरले, तर एकूण बेरीज १९५०, म्हणजे जवळजवळ दोन युनिट होते.

आता या दोन युनिटांसाठी बॅटरी केवढी लागेल? इन्व्हर्टर साधारण दहा टक्के वीज स्वतःच खातो, त्यामुळे बॅटरीतून सव्वादोन युनिट तरी निघायला हवीत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर असे लिहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १.८ युनिट असतात, पण ती रोज निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी ०.९ युनिटच राहते आणि अशा दोन बॅटऱ्याही आपल्या यादीला पुरत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची बॅटरी ऐंशी ते नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिथे पावणेतीन युनिटांची क्षमता पुरते. शिवाय साठवताना आणि काढताना होणारी घटही तिच्यात कमी असते.

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते यांनी तयार केली, आणि इतकी जुनी असूनही ती टाकाऊ ठरलेली नाही. सुरुवातीचा खर्च कमी असतो आणि तिच्यातले शिसे पुन्हा वापरात आणण्याची व्यवस्था जुनी व रुळलेली आहे. मात्र ती अर्धवट चार्ज स्थितीत दिवसचे दिवस पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. ज्यांना पाण्याची पातळी नियमाने पाहणे जमणार नाही, त्यांनी लिथियमकडेच वळावे असे मी स्पष्टपणे सांगेन. फक्त शून्य अंशाखाली ती बॅटरी चार्ज होता कामा नये, आणि तिच्यावर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इन्व्हर्टरशी जुळणारी असावी.

पॅनेलची पाळी आता येते. दिवसाच्या वापरासाठी आणखी तीन युनिट धरली, तर रोजची गरज पाच युनिट होते. वर्षातल्या सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यात आपल्या ठिकाणी भर उन्हाचे जेवढे तास भरतात, ते इथे धरावेत. भर उन्हाचा तास म्हणजे दर चौरस मीटरवर १००० वॉट पडत असल्याचा तास. असे चार तास मिळाले आणि उष्णता, धूळ, वायरिंग व बॅटरी यांतली घट जाऊन तीन चतुर्थांश वीज हाती आली, तर एक किलोवॉटचे पॅनेल तीन युनिट देते. पाच युनिटांसाठी साधारण पावणेदोन किलोवॉट लागतात.

पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. सिलिकॉन पॅनेल तापले की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते. म्हणजे ६५ अंशांना बारा ते सोळा टक्के गेले. म्हणून पॅनेल छताला चिकटवू नयेत, खालून वारा खेळू द्यावा. सावलीचे नुकसान याहून मोठे असते, कारण आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि एका फांदीची सावलीसुद्धा पॅनेलचा मोठा भाग निकामी करू शकते.

सर्वाधिक गैरसमज होतो तो इन्व्हर्टरबाबत. केवळ ग्रिडशी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या जाळ्याशी, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग ऊन कितीही असो. हा बिघाड नव्हे. तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून उलट गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी तशी सक्ती असते. वीज गेल्यावरही घर चालू राहावे अशी इच्छा असेल, तर ग्रिडपासून घर तोडून बॅटरीवर चालवू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा आणि आवश्यक उपकरणांचे सर्किट वेगळे काढावे. पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो. त्यासाठी इन्व्हर्टरची क्षणिक क्षमता तपासून घ्यावी.

बॅटरी १२ व्होल्टची ठेवायची की ४८, हाही प्रश्न दुय्यम नाही. २४०० वॉटसाठी १२ व्होल्टवर २०० अँपिअर लागतात, ४८ व्होल्टवर ५०. त्याच केबलमधली उष्णता सोळा पटींनी कमी होते. पॅनेल आणि बॅटरीच्या बाजूला डीसीसाठीच, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीच, बनवलेले ब्रेकर आणि फ्यूज हवेत. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यामुळे घरातल्या नेहमीच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा ब्रेकर तिथे चालवून घेणे धोक्याचे आहे. अर्थिंग आणि ही सारी जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

काम पूर्ण झाले की इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार बरोबर निवडला आहे ना, हे तंत्रज्ञासमोरच पाहावे. मग बॅटरी पूर्ण भरलेली असताना एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून यादीतली उपकरणे चालवावीत, आणि किती तासांत किती युनिट निघाली ते वहीत लिहून ठेवावे. वर्षा-दोन वर्षांनी हीच चाचणी पुन्हा केली, की बॅटरीची क्षमता किती उतरली ते वहीतल्या आकड्यांवरून कळते.